पोळा झाल्यावर खोलायचं चाक

अहो, तुम्हाला त्या डाव्या चाकाचं सांगायचं आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सुरुवातीपासून सांगून राह्यली का? मंग मी च्या पिऊन येतो." या पिऊन. मी सुरुवातीपासूनच सांगणार आहे. उठून जायचं होतं तेवढं तुम्ही गेलात, आता ऐका.

तेरवी झाली. येणारे येऊन गेले. प्रत्येकाने तुमच्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं, की मधूनच मला वाटायचं, ही मंडळी चुकून आपल्या घरात आली. "लय शांत मानूस होता," म्हणाले. शांत! चौदा नंबरचा पाना जागेवर सापडला नाही की अख्खी गल्ली डोक्यावर घेणारा माणूस शांत. "कोनाशी वाद नाही, तंटा नाही." माझ्याशी होता तो काय होता मग? पण मी मान हलवत बसले. दुःखाला आलेल्या माणसाला काय सांगायचं, की आमचा एक वाद अर्ध्यातच राहिला आहे आणि मला तो पुरा करायचा आहे.

तुम्हाला ऐकू येत नव्हतं. बघा, लिहिलं. तुमच्या समोर हे वाक्य मला एकदाही पुरं करता आलं नाही. 'तुम्हाले ऐ...' एवढं निघालं की तुम्ही ताडकन उठायचात, पायात चप्पल सरकवायचात आणि जनावरांना पाणी दाखवायला जायचात. जनावरांना तहान नसली तरी. वर्षानुवर्षं मळणीयंत्राच्या तोंडाशी उभे राहिलात, त्यात डाव्या कानाचं तर पार वाटोळं झालं होतं. वाशीमला कानाचा डॉक्टर आहे, एकदा दाखवून येऊ, एवढंच माझं म्हणणं. "मशीन म्हाताऱ्याले लावतेत. मी का म्हातारा हाय?" नव्हतात. म्हातारे व्हायला तरी थांबायचं होतं.

आणि जीपमध्ये मी बसणार तुमच्या डाव्या हाताला. म्हणजे माझं आयुष्यभराचं बोलणं त्याच कानात गेलं.

जीप लोकांना तुमची हौस वाटायची. आपलं भाजीचं शेत नाल्यापलीकडे, तेही बरंच आत. पावसाळ्यात ती काळी माती ट्रॅक्टरचंसुद्धा चाक धरून ठेवते. मेथी-सांभाराची पालेभाजी डोक्यावरून आणायची तर अर्धी वाटेत मरते, आणि मंगरूळच्या बाजारात सुकलेल्या जुडीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. म्हणून चारही चाकांना जोर असलेली ती जुनी जीप तुम्ही आणलीत. आणली त्या दिवशी मी म्हणाले, "हे भंगार कायले आनलं?" तुम्ही माझ्याकडे न बघता तिच्या चाकाकडे बघत म्हणालात, "हे तुले नेईन पार." मला वाटलं, जीपशीच बोलताय.

नाल्याच्या काठावर थांबायची तुमची रीत मात्र मला पहिल्या पावसाळ्यात वेडगळ वाटली होती. पाणी दिसलं की गाडी उभी करायची, इंजिन बंद. खाली उतरायचं, चारही चाकांच्या मधोमध हात लावून बघायचा, आणि मग पळसाखाली बसून राहायचं. चाकाच्या मधला तो गोल डबा म्हणजे हब, त्याच्या पोटात ग्रीस भरलेली दोन बेअरिंग. चालून चालून हब तापतो. तसाच गरम गरम पाण्यात घातला की एकदम थंड होतो आणि आत ओढ बसून सीलच्या कडेने पाणी खेचून घेतो. मग ग्रीसचं ताक होतं आणि बेअरिंग गंजून बसतं. हे तुम्ही मला चुलीपाशी, पाणी शिंपडलेल्या गरम तव्याकडे बोट दाखवून समजावलं होतंत. मला समजलं. गावाला नाही समजलं. मोटारसायकलवाले आपल्या शेजारून पाणी उडवत जायचे आणि ओरडायचे, "काय भाऊ, जीप पान्याले भेते काय?" तुम्ही हात हलवायचात. त्यांनी काय म्हटलं ते तुम्हाला कळलेलं नसायचं, आणि ते बरंच होतं.

पण एक खरं सांगू? आपला संसार घरात कमी आणि त्या पळसाखाली जास्त झाला. घरात तुम्ही 'हं' आणि 'पाहू' यांच्यावर दिवस काढायचात. काठावर बसलात की बोलायला लागायचात. यंदा वांगी लावायची की नाही ते तिथं ठरलं. पोरीला पुण्याचं स्थळ आलं तेव्हा हो म्हणायचं का, तेही तिथंच ठरलं, आणि "लय लांब जाईन ना बावा पोरगी," असं म्हणून तुम्ही चिखलाचं ढेकूळ कितीतरी वेळ बोटांनी कुस्करत बसला होतात. मी समजत होते, नाल्याची हवा तुम्हाला मानवते. इंजिन बंद, माणूस नाही, वारा नसला तर पानसुद्धा हलत नाही. तिथं तुम्हाला माझं बोलणं ऐकू यायचं. एवढी साधी गोष्ट मला फार उशिरा उमगली. जी माणसं तुम्हाला घुमा म्हणायची त्यांना एकदा त्या काठावर आणून बसवायला हवं होतं.

चाकाला हात लावायच्या तुमच्या त्या सवयीनं पोहरादेवीच्या यात्रेत काय घोळ घातला ते आठवतं ना? गल्लीतल्या बाया जीपमध्ये कोंबून निघालो होतो. मानोऱ्याच्या पुढे गाडी थांबवलीत, उतरलात, आणि नेहमीप्रमाणे एकेका चाकाला वाकून हात लावत फिरलात. अंगात ताप आहे का बघतात तसा उलटा हात. मागे बसलेल्या म्हाताऱ्या काकूंनी ते पाहिलं. यात्रेची वाट, भाविक माणूस, चाकाला वाकून हात लावतोय. त्यांना वाटलं, काहीतरी नवस दिसतो. त्याही उतरल्या. त्यांनी हबला हात लावून कपाळाला लावला. त्यांच्या मागे दुसरी, मग तिसरी. त्या चाकाचं सील जरा पाझरत होतं, त्यामुळे प्रत्येकीच्या कपाळावर ग्रीसचा काळा टिळा. तुम्ही सांगायला तोंड उघडलंत आणि मी तुमचा दंड धरला. कशाला सांगायचं? देवीच्या दारापर्यंत सगळ्या तशाच गेल्या. परत येताना तुम्ही स्टिअरिंगवर कपाळ टेकवून हसत होतात, आवाज न करता, खांदे हलवत. तसं हसताना मी तुम्हाला नंतर कधी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

आता हबच्या कामाकडे येते.

पावसाच्या आधी एकदा आणि नाला आटल्यावर एकदा, हब खोलायचे म्हणजे खोलायचे. लोक चाक आवाज करेपर्यंत हात लावत नाहीत. तुम्ही म्हणायचात, आवाज आला म्हणजे उशीर झाला. जॅकवर गाडी चढवायची, चाक काढायचं, वरचं झाकण काढायचं. मग बाहेरचा नट, त्याच्या आत पातळ लॉक पत्ती, तिच्या आत दुसरा नट. तो आतला नट महत्त्वाचा. बेअरिंग किती आवळायचं ते त्याच्यावर. बेअरिंग काढून डिझेलमध्ये धुवायचं, पुसायचं, उजेडात धरून आतली एकेक लोखंडी रोळी बघायची, की कुठे निळसर डाग आहे का, चरा आहे का. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने ग्रीस वर येईपर्यंत. हे माझं काम होतं. तुमच्या तळहाताला इतके घट्टे, की ग्रीस दाबलं जायचंच नाही, इकडेतिकडे पळायचं. "तुये हात नरम हाय," असं म्हणून तुम्ही ते काम मला दिलंत. लग्न झाल्यापासून माझ्या हातांचं झालेलं तेवढंच कौतुक.

आणि शेवटी आवळणं. ते दोघांचं होतं. मी चाक फिरवत राहायची आणि तुम्ही आतला नट पान्याने आवळत जायचात. सुरुवातीला चाक मोकळं फिरतं, सळसळ वाजतं. मग आवाज दाटतो. मग एका ठिकाणी तो जड होतो, दळण संपत आलेल्या जात्यासारखा, आणि तिथं मी म्हणायची, "बस." तुम्ही थांबायचात, नट थोडासा मागे घ्यायचात, चाक पुन्हा हलकं व्हायचं. वरून-खालून धरून हलवून बघायचं. डुललं नाही पाहिजे आणि अडलं नाही पाहिजे. सैल राहिलं तर चाक डुलतं, जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जळतं. मधली जागा एवढीशीच असते, आणि ती तुम्ही माझ्या 'बस'वर पकडायचात. मग लॉक पत्ती बसवायची, बाहेरचा नट चढवायचा, आणि पत्तीच्या कडा छन्नीने दोन्ही नटांवर वाकवायच्या, म्हणजे नट जागचा हलत नाही. वाकवून झाल्यावर तुम्ही त्यावरून अंगठा फिरवायचात. त्याशिवाय झाकण लागायचं नाही.

माझं 'बस' दर वर्षी थोडं थोडं मोठं होत गेलं. आधी पुटपुटलं तरी चालायचं. मग नेहमीच्या आवाजात. मग गल्लीला ऐकू जाईल एवढं. मग तुम्ही ऐकायचं सोडलंत आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागलात. पाना हातात, नजर माझ्या तोंडावर, पापणी न हलवता. मला आधी कळेचना. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कोणता नवरा बायकोच्या तोंडाकडे असा एकटक बघतो! मी एकदा पदर सारखा केला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मग लक्षात आलं, की तुम्ही माझे ओठ बघताय.

यंदाही तसंच चाललं होतं. पुढचं उजवं चाक आपण मिळून करायला घेतलं. पण त्या दिवशी ऊन तोंडावर येत होतं म्हणून मी मान फिरवून बसले होते. मी 'बस' म्हणाले. पाना फिरतच राहिला. परत म्हणाले. तरी फिरतच. शेवटी मी अशी ओरडले की शेजारचा विनोद, तुमचा भाऊ, भाकर हातात घेऊन बाहेर आला.

"वरडतेस काहून? मी का बहिरा हाय?" तुम्ही म्हणालात.

"हाव," मी म्हणाले.

विनोद भाकर घेऊन परत आत गेला. शहाणा आहे तो.

तुम्ही पाना मातीत टाकलात. "मले चाकाचं हातानं समजते. तुये कान नाई लागत मले."

"चाकाचं सोडा. तुमाले मायं बी आयकू येत नाई. मी घरात हाय का नाई, ते तरी समजते काय?"

त्यावर तुम्ही पाना उचललात आणि परत चाकाकडे वाकलात. उजवं चाक मी हातानेच खुणा करकरून पुरं करवून घेतलं, डावं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी मालेगावला माहेरी गेले. भाचीचं साक्षगंध होतं, रुसून गेले नव्हते. म्हणजे, साक्षगंध होतंच. पण दोन दिवस आधी जायची काही गरज नव्हती. तुम्ही यायचं ठरलं होतं, आला नाहीत. भेंडी तोडायची आहे असा निरोप पाठवलात. मी तिथं बायांत बसून हसत होते आणि दारातून कोणी आलं की मान वळवून बघत होते.

परत आले आणि जीपमध्ये बसले तर तो आवाज. डाव्या पुढच्या चाकातून, बारीक, डबीत भुंगा कोंडल्यासारखा. वेग वाढला की वाढायचा. मी म्हणाले, "डावं चाक गुनगुनून राह्यलं. ते राह्यलं ना खोलाचं?" तुम्ही समोर बघत म्हणालात, "पोळा झाला का खोलू."

मला नवल वाटलं. चाकात आवाज आहे म्हटलं की चहासुद्धा न पिणारा माणूस पोळ्यापर्यंत थांबायला तयार! मी दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा तेच, "पोळा झाला का." मी मनात म्हटलं, अजून राग आहे. चाक खोलायचं म्हणजे माझं 'बस' ऐकावं लागणार, म्हणून टाळताय. मीही मग विषय सोडला.

एकदा मात्र तुम्ही बोलायला निघाला होतात. काठावर, पळसाखाली. हात लावून आला होतात, आणि डाव्या हबपाशी तुमचा हात जरा जास्त वेळ राहिला होता. माझ्या शेजारी बसलात, तळव्यावरची काळी माती चोळत. म्हणालात, "आयक वं सुनंदे, त्या डाव्या चाकाचं..." तेवढ्यात एक मोटारसायकल पाण्याच्या मधोमध बंद पडली आणि तिच्यावरचा माणूस हाका मारायला लागला. हाक तुम्हाला ऐकू आली नाही, त्याचे हलणारे हात दिसले. धोतर खोचून पाण्यात उतरलात. परत आलात तेव्हा कमरेपर्यंत भिजला होतात, आणि आपण निघालो. ते वाक्य तिथंच राहिलं. त्या मोटारसायकलवाल्याचं नाव मला माहीत नाही, पण मी त्याच्यावर अजून चिडलेली आहे.

मग ती सकाळ. तिच्याबद्दल मी फार लिहिणार नाही. तुम्ही भेंडीच्या ओळीत बसलात, मला वाटलं विळा शोधताय. विनोदने जीप काढली. मी मागे, तुमचं डोकं माझ्या मांडीवर. सगळ्या वाटेने ते चाक गुणगुणत होतं, आणि मी तुमच्या उजव्या कानाशी वाकून बोलत होते, मोठ्याने, जेवढ्या मोठ्याने येईल तेवढ्या. नाला आला. विनोदने गाडी थांबवली नाही. थांबणार कशी? तापलेले हब तसेच पाण्यात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण त्या काठावर न थांबता पार झालो, आणि मी तुम्हाला ते सांगितलंसुद्धा, "आवो, थांबलो नाई आपन." डॉक्टरांनी बघितलं आणि विनोदच्या खांद्यावर हात ठेवला.

पोळा आला आणि गेला. विनोदच्या बैलांना मी पुरणपोळी भरवली. मग जीपकडे बघितलं.

विनोद म्हणाला, "वयनी, वाशीमच्या गॅरेजले नेऊन टाकू. आवाज लय वाढला. त्या दिवशी पानी बी गेलं असन." मी नाही म्हणाले. परका माणूस छन्नी घालून ते चाक खोलतोय हे मला बघवलं नसतं. पोळा झाल्यावर खोलू असं आपलं ठरलं होतं. तुमच्यामाझ्यात ठरलेलं ते शेवटचं काम होतं, आणि ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं मला.

म्हणून मंगरूळला गेले, सील आणायला. तुमचे ते स्पेअर पार्टवाले चाचा मला बघून गल्ल्यावरून उठून उभे राहिले. डोळे पुसले. मी म्हणाले, डाव्या हबचं सील द्या. ते थबकले.

"भाभी, डाव्याचं तं भाऊ घेऊन गेले ना. तुमी मायेरी गेल्या होत्या तवा. मी म्हनलं, भाभी नाई तं आराम करा. तं म्हने, नाई चाचा, आजच मौका हाय."

मी पिशवी पुढे केली. दुसरं सील घेतलं आणि बसमध्ये बसले. येताना खिडकीतून काय काय गेलं ते काही आठवत नाही.

विनोदने जॅक लावला. मी चाक हाताने फिरवलं, तर एक फेरा कसाबसा घेऊन ते थांबलं. वरचं झाकण काढलं. आत ग्रीस नवं होतं, मधाच्या रंगाचं. मला तर वाटलं होतं, नाल्याचं पाणी जाऊन ताक झालं असेल. थेंब गेला नव्हता. तुमचं सील पक्कं बसलं होतं. झाकणाच्या आतल्या ग्रीसमध्ये तुमच्या अंगठ्याचा पट्टा होता, फुटक्या नखाच्या रेघेसकट.

"वयनी, हे तं खोललेलं हाय," विनोद म्हणाला.

खरं सांगते, मला आधी राग आला. भयंकर राग आला. म्हणजे मी नसताना, मुद्दाम मी नसताना, तुम्ही हे करून दाखवलंत. तुझ्यावाचून होतं म्हणून. तुझे कान नकोत, तुझे हात नकोत, तुझं ओरडणं तर नकोच. आणि झालं काय? जास्त आवळून बसलात. बेअरिंग जाळत निघालात. दोन महिने मी ते गुणगुणणं ऐकत होते आणि तुम्ही समोर बघून पोळा, पोळा करत होतात. मी ओट्यावर बसले. ज्या माणसासाठी जीव तुटतोय त्याच्यावर इतकं चिडता येतं हे मला माहीत नव्हतं. विनोद चहा आणायला म्हणून आत गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

आला तेव्हा चहा माझ्या हातात देऊन तो वाकून हबमध्ये बघत राहिला. मग म्हणाला, "पत्ती नाई वाकवली भाऊनं."

मी उठले. खरंच, लॉक पत्ती बसवलेली होती, बाहेरचा नट चढवलेला होता, पण पत्तीच्या कडा सरळच्या सरळ. कोऱ्या. छन्नी टेकवल्याची खूणसुद्धा नाही.

"इसरले असतीन," विनोद म्हणाला.

तुम्ही? पत्ती वाकवायची विसरणार? त्यावरून अंगठा फिरवल्याशिवाय झाकण न लावणारे तुम्ही? पत्ती सरळ ठेवून नाल्यातून गाडी नेली म्हणून तुम्ही दुसऱ्या कोणाला तर गाडीतून उतरवलं असतं. पत्ती तेव्हाच सरळ ठेवतात, जेव्हा काम अजून पुरं झालेलं नसतं. जेव्हा परत खोलायचं असतं. चाकाचं हाताने समजतं म्हणत होतात ना. मग समजलंच असणार. फिरवून बघितलं असणार, जड लागलं असणार, थोडं मागे घेतलं असणार, तर आता जास्त सैल झालं की काय कळेना, म्हणून परत आवळलं असणार. चाक फिरवायला कोणी नाही, 'बस' म्हणायला कोणी नाही. त्या अंगणात तुम्ही एकटे, हातात पाना घेऊन, कितीदा मागेपुढे केलंत? आणि शेवटी पत्ती न वाकवता झाकण लावलंत, की ती येईल मालेगावहून, मग करू.

विनोद म्हणतो तसं विसरलाही असाल. मला शपथ घेऊन सांगता येणार नाही. पण मी तुमच्यासोबत इतकी वर्षं हे हब खोलले आहेत, विनोदने नाही.

मग तोंडाने का नाही बोललात हो? 'जमलं नाही, तुझ्यावाचून अडलं' एवढंच तर होतं. मी काय गल्लीत दवंडी पिटणार होते? पिटली असती कदाचित. दोन दिवस चिडवलं असतं, चार दिवस भाव खाल्ला असता. आणि मग चाक फिरवायला बसले असते, तोंड तुमच्याकडे करून, ऊन आलं तरी. तुम्ही माझ्याकडे बघावं म्हणून मला काहीही चाललं असतं. आत्ताही चालेल. तुम्ही फक्त समोर बसा आणि काही म्हणजे काही ऐकू नका.

आम्ही हब पुरा खोलला. बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं, उजेडात धरून बघितलं. रोळ्यांना निळा डाग अजून आला नव्हता, आणखी थोडे दिवस गेले असते तर आला असता. नवं ग्रीस मी तळहातावर घेऊन दाबलं. हात अजून नरम आहेत. मग विनोदला चाक फिरवायला बसवलं आणि तुमचा पाना मी घेतला. सळसळ आली, मग आवाज दाटला, मग जड झाला. बस कोणाला म्हणणार, पाना माझ्याच हातात होता. मी थांबले. थोडं मागे घेतलं. विनोदने वरून-खालून हलवून बघितलं आणि मान डोलावली. तुमचीच पत्ती बसवली, बाहेरचा नट चढवला.

आता पत्ती वाकवायची राहिली. विनोदने छन्नी-हातोडी पुढे केली. मी म्हणाले, "थांब जरासाक." तो थांबला. मला वाटत होतं, राहू दे अशीच. तुम्ही माझ्यासाठी सरळ ठेवलेली आहे, तशीच राहू दे. पण पत्ती सरळ ठेवून जीप नाल्यात घातली तर चाक निघून येतं एखाद दिवशी, आणि भेंडी जून होत चालली होती, ती काही कोणासाठी थांबत नाही.

मी छन्नी टेकवली आणि दोन्ही कडा वाकवल्या, एक आत, एक बाहेर. झाकणातलं जुनं ग्रीस पुसून काढलं, कारण तुम्ही तेच केलं असतं, आणि झाकण लावलं. अहो, हे घर तुमच्या अर्ध्यावर सोडलेल्या कामांनी भरलेलं असेल असं मला वाटलं होतं. गोठा पाहिला, अवजारं पाहिली, पाइपांचे जोड पाहिले. सगळं तुम्ही पुरं करून ठेवलेलं आहे. हे एकच होतं, माझ्या वाटणीचं ठेवलेलं, आणि तेही मी आज पुरं केलं.